दोघांनी धरलेलं पान

“तोंड लहान ठेव याचं. रुंद तोंडाच्या भांड्यातलं पानी चालता चालता सांडते.”

मित्रांनो, मी ऐकलेला हा पहिला आवाज. कारंज्याच्या बाजारात एक म्हातारा तांबट आपल्या सुनेला सांगत होता. तो सांगायचा, ती ठोकायची, आणि ठोक्याठोक्याने मला पोट येत होतं, गळा येत होता. मी एक जुना तांब्या आहे. अस्सल तांब्याचा, तोंडाने लहान. पुढे माझं सगळं आयुष्य मोठ्या तोंडाच्या माणसांत गेलं, म्हणून म्हाताऱ्याचं म्हणणं मला फार लवकर पटलं.

शेलूबाजारहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला हे हायस्कूल. शाळा उघडली त्या दिवशी मला कलश म्हणून मांडलं. आंब्याची पानं, नारळ, हळदीकुंकू, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवसापासून मी कार्यालयात आलो, पाहुण्यांना पाणी द्यायला. पाहुणे एक घोट घेत, “वा, तांब्यातलं पाणी!” म्हणत आणि उरलेलं खिडकीबाहेर फेकत. त्या कौतुकाला मी कधी भुललो नाही. पाण्याचं कौतुक तहानलेल्याने करावं. यांची पोटं आधीच सरबताने भरलेली असत.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि शिपाई शालिग्रामभाऊंनी मला कपाटावर चढवलं. शेजारी भिंतीत एक खिळा होता आणि खिळ्याला एक चावी. मुलींच्या संडासाची. संडास कसा, पांढऱ्या फरशीचा, बाहेरून गुलाबी रंग दिलेला. तपासणीला कोणी यायचं असलं की शालिग्रामभाऊ चावी काढत, कुलूप उघडत, फिनाइल शिंपडत. साहेब आत डोकावून “छान” म्हणत. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की पुन्हा कुलूप. देवळाला कुलूप असतं ते मी समजू शकतो, आत देव असतो. इथे आत राखण्यासारखं काय होतं, ते हेडसरांनाच ठाऊक!

कपाटावरून मला खिडकीतून बाहेरचा नळ दिसे. मुलगे ओंजळ लावून घटाघटा पीत. मुली नळाशी जात, हात धूत, डबा धूत आणि पाणी न पिता वर्गात परत येत. प्यायल्या तर जायचं कुठे? सकाळपासून संध्याकाळपर्यंत घशाखाली थेंब नाही. मी पाण्याचं भांडं, मला ते बघवत नसे. उपास आपण होऊन धरला तर त्याला व्रत म्हणावं. दुसऱ्याच्या आळसापायी घडतो, त्या उपासाला काय म्हणावं?

आषाढ सरत आला तेव्हा रामकिसनभाऊ कार्यालयात आले. नववीतल्या निकिताचे वडील. त्यांचं घर वावरात, गावापासून बरंच लांब. निकिता दुपारच्या सुट्टीत घरी जाई आणि तेवढ्या वेळात परत येणं काही तिला जमत नसे.

“सर, पोरीचा दाखला देऊन टाका,” ते म्हणाले.

“काहून? हुशार हाये की ती!”

“हुशार हाये तं रोज दुपारी घरी काहून येते? बाहेर जाले जागा नाई म्हनते. अर्ध्या दिवसाची शाळा शिकून अर्धीच हुशार होईन. त्यापरीस वावरात येईन, निंदनाले.”

निकिता दाराशी उभी होती. हळूच म्हणाली, “सर, कुलूप उघडा न. मंग मी नाई जात घरी.”

हेडसरांनी पंख्याकडे पाहिलं. अडचणीत आले की ते पंख्याकडेच पाहत. मग म्हणाले, “उघडाले काय, आत्ता उघडतो. पन पानी कोन टाकीन? घान झाली तं बोलनं मले खा लागते. असं करू. श्रावनात शालेय मंत्रिमंडळाची निवडनूक हाये. जो मुख्यमंत्री म्हनून निवडून येईन, त्यानं जबाबदारी घ्यावी, चावी न्यावी. आपल्या शाळेत लोकशाही हाये, रामकिसनभाऊ.”

रामकिसनभाऊ उठले. “बरं. पोळ्यापर्यंत पाह्यतो. चावी आली तं शाळा, नाई तं वावर.”

एका कुलपासाठी एवढी लोकशाही! मला हसू आलं. पण निकिताला आलं नाही. तिची सगळी शाळाच त्या कुलपावर लटकली होती.

आता आमचे मुख्यमंत्री ऐका. प्रज्वल. दहावीतला, संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. शाळेच्या निवडणुकीसाठी त्याने फाटकावर फ्लेक्स लावला होता. ‘भावी मुख्यमंत्री’ ही अक्षरं त्याच्या डोक्यापेक्षा मोठी. डोळ्यांवर काळा चष्मा आणि हात जोडलेले. काळा चष्मा लावून हात कोणाला जोडतात, हे मला आजवर कळलेलं नाही. मधल्या सुट्टीत आलुबोंडे वाटले जायचे. चिन्ह होतं बॅट, म्हणून एक बॅट खांद्यावर घेऊन तो हिंडायचा. चेंडूशी तिची गाठ पडलेली मी कधी पाहिली नाही.

एक दिवस तो कार्यालयात आला. “शालिग्रामभाऊ, तो तांब्या काढा बरं. भरून द्या.”

“पूजा हाये काय?”

“पूजाच समजा.”

मला शाळेमागच्या बेलाखाली नेलं आणि मग सगळं ध्यानात आलं. या गावात जुनी रीत आहे. बांधाचं भांडण असो, पाण्याची पाळी असो, दोघांत काही ठरलं की पाण्यात बुडवलेलं बेलाचं पान दोघांनी मिळून धरायचं. तीन दलांपैकी एक दल याचं, एक त्याचं आणि मधलं महादेवाचं. एकाने शब्द सोडला तर त्याचं राहिलेलं दुसऱ्याने पुरं करायचं, म्हणजे मधल्या दलाला बोल लागत नाही. असं पान धरण्याआधी जुनी माणसं दहा वेळा विचार करत. प्रज्वलने ही रीत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोणा काकाकडून उचलली होती. उचलली तीही अर्धीच. पानाने फक्त समोरचा बांधला जातो, असा त्याचा समज होता.

पहिली निकिता आली.

“मले मत दे,” तो म्हणाला. “तुले काय पाहिजे ते सांग.”

“चावी. मुलींच्या संडासाची.”

“बस? पहिल्याच दिवशी आनून देतो. धर पान.”

“तू बी धरशीन न?”

“धरलं न, बाप्पा!”

धरलं होतं खरं. एका हातात पान, दुसऱ्या हातात आलुबोंडा आणि तोंडात त्याचाच घास. श्रावणातलं बेलाचं पान, आणि हा उष्ट्या तोंडाने, तेलकट बोटांनी! निकिता एवढंच म्हणाली, “माह्या एकटीचं मत देईन. बाकीच्या पोरींचं मी नाई सांगत.” तिला त्याच्या बापाच्या नावाचा भरवसा वाटला होता. अध्यक्षांचा मुलगा आहे, याच्याशिवाय चावी कोण आणणार, असा साधा हिशेब.

मग गणेश आला. त्याला क्रीडामंत्री व्हायचं होतं. धरलं पान. मग तांड्यावरचा फुलसिंग आला. त्यालाही क्रीडामंत्रीच व्हायचं होतं. त्याच्याबरोबरही धरलं. संध्याकाळपर्यंत बेलाची एक फांदी उघडी पडली आणि माझ्या पाण्यावर तेलाचा तवंग आला. मला तिथेच मातीत टाकून मुख्यमंत्री घरी गेले.

दुसऱ्या दिवशी निकिताने मला उचललं आणि नळावर घासायला घेतलं. तेवढ्यात मंजुषा आली. दोघी एकाच बाकावर बसणाऱ्या, जिवाभावाच्या.

“निके, मी उभी राह्यली वं! छत्री चिन्ह भेटलं मले. ज्याचा चष्मा एवढा काळा, त्याले कुलूप कुठून दिसन? चावी आता आपनच आनू. तुयं मत तं पक्कंच हाये.”

निकिताचा हात थांबला. “नाई वं. मी पान धरलं.”

“कोनासंग?”

“प्रज्वलसंग. तू उभी राह्यशीन हे मले कुठं मालूम होतं?”

“अन् तो तं साऱ्याईसंग आलुबोंडा खाता खाता पान धरते म्हने! आमच्या घरी पान-गिन कोनी धरत नाई. माहे बाबा म्हनतात, तोंडातून निघालं म्हंजे निघालं. याच्या तोंडातून तं आलुबोंड्याबिगर काईच निघत नाई.”

“त्याचं त्याच्यापाशी. मी बोलली ते माह्यापाशी हाये.”

“अन् शाळा सुटली तुई तं?”

निकिता मला घासतच राहिली. मंजुषा पाय आपटत निघाली आणि जाता जाता बोलून गेली, “पानाले भ्याली!”

मित्रांनो, मला ते पटलं नाही. भ्यालेला माणूस पळवाट शोधतो. पळवाट तर समोरच होती. मताची घडी घातलेली चिठ्ठी, आतला शिक्का कोणाला दिसणार होता? मतदानाच्या दिवशी निकिताने शिक्का बॅटवर मारला, आणि बाहेर येऊन मंजुषाला तसं तोंडावर सांगितलं. त्या दिवसापासून मंजुषा दुसऱ्या बाकावर बसू लागली.

प्रज्वल थोडक्यात निवडून आला. गुलाल उधळला गेला. मंत्रिमंडळाच्या शपथविधीला मला पुन्हा घासूनपुसून टेबलावर ठेवलं, गळ्यात झेंडूची माळ. प्रज्वलच्या गळ्यातली माळ माझ्याहून मोठी होती. हेडसरांनी पुकारलं, “क्रीडामंत्री!” तर गणेश आणि फुलसिंग दोघेही उठले.

“बस बे, मले बलावलं.”

“तुले कायचं? मी पान धरलं हाये!”

“अबे, मी बी धरलं! त्याच झाडाचं!”

सगळी शाळा हसली. तेवढ्यात तिसराच एक उठून पुढे आला. तो प्रज्वलचा मावसभाऊ होता. हेडसरांनी पंख्याकडे पाहिलं आणि शपथ दिली.

हॉल रिकामा झाल्यावर निकिता मुख्यमंत्र्यांपुढे उभी राहिली. “चावी.”

“कायची चावी?”

“पहिल्या दिवशी आनतो म्हनला होता.”

“मी मुख्यमंत्री हाओ. संडासाची चावी घेऊन फिरू काय? पोरं हासतीन.”

“पान धरलं होतं तुनं.”

“ते पान आतापर्यंत बकरीनं खाल्लं असन. इलेक्शनात सब चालते वं.”

असं म्हणून त्याने माझ्या गळ्यातली माळ काढली, स्वतःच्या गळ्यात आणखी एक घातली आणि फोटो काढायला बाहेर गेला.

मी शिव्या देत नाही. ज्या भांड्याने देवाला पाणी घातलं, त्याच्या तोंडी ते शोभत नाही. पण त्या मुलाची मला जी किळस आली, ती चिंचेने घासून जाणारी नव्हती. आणि त्याच्यापेक्षाही जास्त त्या मोठ्यांची, ज्यांना पाहून तो हे सगळं शिकला. मित्रांनो, मला कपाटावर ठेवा, काळा पडू द्या, माझी तक्रार नाही. पण माझ्या पाण्यात हात बुडवून बोलायचं असेल तर जेवढं कराल तेवढंच बोला. देवाला साक्षीला बसवून उठून जायचं, हे चांगल्या घरच्या माणसाचं काम नाही.

मी पुन्हा कपाटावर गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी निकिता कार्यालयात आली. रामकिसनभाऊ बैलांचा साज घ्यायला बाजारात गेले होते आणि येताना दाखला घेऊन जाणार होते.

“सर, चावी द्या.”

“मुख्यमंत्र्यानं यायचं ठरलं होतं न?”

“तो येत नाई. पन पान दोघांनी धरलं होतं, सर. त्याचं राह्यलेलं मी करीन. पानी मी टाकीन, घान झाली तं मी धुईन. तुमाले कोनाचं बोलनं खा लागनार नाई.”

हेडसरांनी वर पाहिलं. वीज गेलेली होती, पंखाही थांबलेला होता. मग शालिग्रामभाऊंनीच हात वर करून खिळ्यावरची चावी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

“तपासनीच्या दिवशी मातर...” हेडसर पुटपुटले.

“त्या दिवशी बी उघडंच राहीन, सर,” निकिता म्हणाली. “अन् बाबा आले तं त्याईले सांगजा, मी शाळेतच हाओ.”

खिडकीतून मला पुढचं दिसलं. मैदानात बॅट खांद्यावर घेऊन फोटो चालले होते. निकिताने नळाखाली बादली लावली. पायरीवर मंजुषा एकटीच बसली होती. तिचं लक्ष निकिताच्या मुठीतल्या चावीकडे गेलं.

“त्याचं काम तू करशीन?” कितीतरी दिवसांनी ती निकिताशी बोलली.

“शब्द त्याचा होता,” निकिता म्हणाली. “संडास आपला हाये.”

बादली भरली. निकिताने नळ बंद केला, ओढणी कमरेला खोचली, भिंतीशी टेकवलेला खराटा काखेत घेतला आणि मैदानाकडे न बघता शाळेच्या मागच्या बाजूला चालू लागली.