बेरीज चार

सोनगीरपासून आत असलेल्या आमच्या गावात मी अकरा वर्षं आशाताई आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो. वय, तंबाखू, कमरेचा घेर, बसून राहणं, घराण्यातला आजार, सगळ्याला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला न्यायचं. अख्ख्या गावाला मी टेप लावला. लोटन पहिलवानाने पोट आत ओढलं तेव्हा म्हटलं, "भाऊ, श्वास सोडा, मी नवरदेव पाहायला आले नाही." अशी माझी जीभ. तिला कुलूप लागायचं ते एकाच माणसासमोर, माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, शालिग्राम यांच्यासमोर.

जेठासमोर सून पदर सरकू देत नाही, तोंडावर बोलत नाही. त्यांच्या कमरेला टेप कोण लावणार? उपकेंद्रातल्या आरोग्यसेवक भाऊंना बोलावलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण घरचंच माणूस, कुठे पळून जातंय, असं म्हणून मी दाराआड फॉर्म घेऊन बसले. जेठ ओट्यावर खाटेवर होते. उत्तरं दिली सासूबाईंनी.

"तमाखू?"

"कधीमधी खास. बठ्ठा खातस."

कधीमधी खातो, सगळेच खातात म्हणे! रोज दोन पुड्या संपायच्या, ओट्यावरचे डाग मीच धुवत होते. तरी 'कधीमधी' लिहिलं. गुण एक.

"घरमा कोनले हृदयना आजार?"

"नई व माय. आमना घरना बठ्ठा चालताबोलता गयात. कोनीच खाट धरी नई. तुना सासरा ते पानीना तांब्या मांगीसन गया. पुण्यवान!"

सासरे गेले तेव्हा एक्कावन्नचे होते. चुलतसासरे कपाशीच्या वावरात गेले, अठ्ठेचाळीसचे. हे मला पाठ होतं, आणि तरी मी 'नाही' लिहिलं. गुण शून्य. कंबर नजरेनेच मोजली, एक गुण. पिठाची गिरणी चालवतात म्हणजे दिवसभर उभेच, शून्य. वय पन्नास, त्याचे दोन. बेरीज चार. चारच्या वर नाही. मी पान उलटलं.

सात महिन्यांनी गिरणीत बाजरी ओतता ओतता जेठ खाली बसले. धुळ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक दारावर येऊ लागले. जी बाई येई ती सासूबाईंच्या गळ्यात पडून एकच म्हणे, कसं सुखाचं मरण, कोणाची सेवा घेतली नाही. त्या शब्दांच्या आधाराने म्हातारी दिवसातून अर्धी भाकरी तरी खात होती. मी मोरीत भांडी घासता घासता खरी बेरीज केली. तंबाखूचे दोन, कमरेचे दोन, घराण्याचे दोन, वयाचे दोन, ती आठ झाली. मला त्या भांड्यांतच तोंड लपवावंसं वाटलं.

पाचव्या दिवशी माझे यजमान प्रेमराज बसलेल्या मंडळींना म्हणाले, "देवाने मलाही दादासारखंच उचलावं." त्रेचाळीस वर्षांचा माणूस! सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. माझं डोकंच फिरलं.

"पुण्य नई ते, आजार शे!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "या घरना आजार शे. मी दादासनी कंबर मोजी नई, तमाखू खोटी लिखी. उद्या तुमी मनासंगे तपासनीले चला."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"मंग मना शालिग्राम वाची जाता?"

खरं सांगायचं तर, ते वाचले असते का, हे कोणालाच सांगता येणार नाही. तपासणी झाली असती, गोळी सुरू झाली असती, तरीही कदाचित ते गेले असते. पण प्रेमराज माझ्या तोंडाकडे बघत होते. मी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर ते घरीच बसले असते.

"वाची जाता," मी म्हटलं.

पाच दिवस रडणारी ती बाई तेव्हा रडली नाही. तिने नुसता पदर पुढे ओढला. एका आईचं उरलंसुरलं सुख मी नवऱ्यासाठी हिसकावून घेतलं, हे मला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी प्रेमराजांचं बीपी निघालं एकशे अठ्ठ्याहत्तर. गोळी सुरू झाली.

मला वाटलं, म्हातारी आता मला घराबाहेर काढेल. तशी तयारीही मी मनाशी केली होती. गंधमुक्तीच्या, सुतक फिटायच्या दिवशी शिरपूरहून आलेली नात्यातली पुष्पाबाई तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "अक्का, पुण्यवान जीव होता हो."

सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"पुण्यवान कसाना? ती इचारी ऱ्हायनी व्हती. मीच सांगं, कधीमधी खास. मी खोटं बोलनू."

मी धावत जाऊन तिचे पाय धरले. म्हटलं, "माय, तुमी नई, मी. लिखं ते मी." तिने पाय काढून घेतले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. आज तीन महिने झाले. मी ताट वाढून समोर ठेवते, आणि ती प्रेमराजांनी गोळी घेतली का एवढंच विचारून, दोन घास घेऊन ताट बाजूला सरकवते.