घोरपड बोलत नसते

सृष्टीतला प्रत्येक जीव सारख्याच मोलाचा आहे, अशी शंकरप्पाची ठाम श्रद्धा होती. बुरशी सोडून. चादरींच्या दुकानामागच्या गोदामात तो तीस वर्षं बुरशीशी लढत आला होता आणि बहुतेक पावसाळ्यांत हरत आला होता.

त्याची नववीतली मुलगी अक्षता नेमकी बुरशीचीच बाजू घेऊन घरी आली. शाळेत वादविवाद स्पर्धा होती: आधी कोणाला वाचवावं, कोमोडो बेटावरच्या दहा फुटी घोरपडीला की जंगलातल्या दुर्मिळ बुरशीला? अक्षता बोलताना अडखळते. ती ‘घो’वर अडकली तेवढ्यात घोरपडीची बाजू वाटून संपली.

"अप्पा, ही बुरशी वा-वा-"

"वाईट न्हाय," शंकरप्पानं वाक्य पुरं केलं. घरात सगळेच तिची वाक्यं पुरी करत, प्रेमानंच. त्यात त्याचा हात कुणी धरत नसे.

सरावाला समोर घोरपड हवी होती. शंकरप्पा दुकानाच्या गादीवर पालथा पडला आणि त्यानं जीभ बाहेर काढली.

"गिऱ्हाईक आलं तर काय सांगू?" त्याच्या बायकोनं, जगदेवीनं आतून विचारलं.

"मालक सरपटायलेत म्हणून सांग की!"

अक्षता उभी राहिली. "ही बुरशी प-पडलेल्या ओं-ओं-"

"ओंडक्यावर," घोरपड म्हणाली.

"अप्पा, घो-घोरपड बोलत नसते."

"व्हय की. चुकलं."

ती पुन्हा ओंडक्यापाशी अडली. शंकरप्पाच्या तोंडात ओंडका तयार होता. त्यानं तो दाताखाली दाबून धरला. कपाळाला घाम आला. अखेर ओंडका आला, तिचा तिनंच आणला.

"घोरपडीला प-पळता येतं," ती म्हणाली. "हिला नाही. लाकूड उचलून नेलं की ही संपली. कुणाला क-कळतसुद्धा नाही."

घोरपडीनं गादीत नाक खुपसलं.

"रडताय, अप्पा?"

"धूळ. लई झालीय दुकानात."

स्पर्धेच्या दिवशी तो मागच्या बाकावर तोंडावर रुमाल दाबून बसला. वेळ चार मिनिटांची होती. परीक्षकांनी दोनदा घंटा वाजवली, तरी अक्षता थांबली नाही. अकरा मिनिटांत तिनं सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता.

तिचा तिसरा नंबर आला. जगदेवीनं शेंगदाण्याच्या गोड पोळ्या केल्या, शंकरप्पानं त्या गल्लीभर वाटल्या.

स्पर्धक एकूण तीनच होते.