आइताचे कडक बूट

आइताने घोटा मोडून घेतला तो बर्फात नव्हे. शेळ्यांमागे धावताना ओल्या दगडावर पाय घसरून. डोंगरातल्या फ्तान गावात सगळ्यांना त्याचंच नवल. तरुणपणी स्नोबोर्डच्या, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायच्या शर्यती गाजवलेली ही बाई, उभ्या उतारांवर जिला कधी ओरखडा आला नाही, तिला एका शेळीने आडवं केलं! डॉक्टरांनी डाव्या घोट्यात स्क्रू घालून हाडं सांधली. चालता येई, पण घोटा वाकणं कायमचं संपलं.

स्नोबोर्डचे हल्लीचे मऊ बूट घोट्याच्याच जोरावर चालतात. त्यांत पाय घातला की आइताच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. दोन हिवाळे ती खिडकीतून डोंगराकडे बघत बसली. मग एके सकाळी धाकट्या भावाच्या, याखेनच्या वर्कशॉपमध्ये आली आणि त्याच्या टेबलावर तिने आपला खोल बर्फाचा रुंद बोर्ड आपटला. शेजारी शर्यतीचे जुने प्लास्टिकचे कडक बूट, आणि ते अडकवायच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा.

"हे याच्यावर बसव."

याखेनने बोर्डाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "अगं, हा भुसभुशीत बर्फाचा बोर्ड. त्याला लवायला हवं. त्यावर हे धूड ठोकलं तर स्क्रू मुळासकट उपटून येतील."

"येऊ देत. बोर्ड माझाय."

"आणि मान मोडली तर?"

"तीही माझीच."

कोपऱ्यात कॉफी पीत बसलेला बाल्सर, डोंगरावरचा वाटाड्या आणि दोघांचा बालमित्र, खो खो हसला. "सायकलीला ट्रॅक्टरची चाकं!"

"तू ढकलायला ये म्हणजे झालं," आइता म्हणाली.

याखेनने नाइलाजाने सगळं बसवलं. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टखालच्या दाबलेल्या बर्फावर बोर्ड सुरीसारखा चालला. पण वाट सोडून आइता खोल बर्फात शिरली मात्र, बोर्डाने नाक खुपसलं आणि ती डोक्यावर उलटली. बाल्सरने तिला मुळा उपटावा तशी ओढून काढली.

घरी नडगी काळीनिळी झालेली. "झालं समाधान?" याखेनने विचारलं. तिने नाद सोडला तर बरंच, असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही.

"चुकलं कुठे ते कळलं," आइता शांतपणे म्हणाली. "शर्यतीचा बोर्ड अरुंद. तिथे पाय जवळजवळ नाकासमोर ठेवायचे. हा रुंद. याच्यावर तसेच ठेवले तर बोटं कडेपर्यंत पोचतच नाहीत. मी इकडून सांगतेय आणि कडेला पत्ताच नाही."

आता मात्र याखेनचेच हात शिवशिवायला लागले. जाड प्लेटा काढून त्याने थोड्या लवणाऱ्या प्लेटा आणल्या, खाली रबर घातलं, बोर्डाचं नाक बुडू नये म्हणून दोन्ही जराशा मागे सरकवल्या. पाय आडवे वळवत वळवत अशा बेताला आणले की बोटं आणि टाचा कडेला भिडतील, पण बाहेर डोकावणार नाहीत. शर्यतीच्या बुटांऐवजी आइताने माळ्यावरून डोंगर चढायचे बूट काढले. कवच कडकच, पण पुढे झुकलं की थोडं लवणारं.

राहिला डावा पाय. बूट नडगी पुढे ढकलायचा, घोटा वाकायचा नाही, आणि कळ थेट मांडीत जायची.

"घोटा वाकत नाही ना, मग टाच उचलू," याखेन म्हणाला. त्याने बुचाच्या लाकडाची पाचर कापून बुटात टाचेखाली सरकवली. जास्त झाली. तासली. पुन्हा घातली. आइता डोळे मिटून हळूच पुढे झुकली. आणखी झुकली.

"दुखत नाही रे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक याखेनने कधी ऐकला नव्हता.

नवा बर्फ पडून स्थिरावल्यावर, बाल्सरने हिमस्खलनाचा अंदाज तपासून होकार दिला आणि तिघं कड्यामागच्या उतारावर गेली. तिथे पोचायला एक आडवी वाट कापायची होती. वाऱ्याने ती घासून काचेसारखी केली होती. बाल्सर कसाबसा पार झाला. याखेनचा बोर्ड थरथरला, कड सुटली आणि तो घसरत खाली जाऊन कसाबसा अडकला. त्याच्या खाली नुसते खडक.

"हलू नकोस!" आइता ओरडली. ती त्याच्या खालच्या अंगाला आली आणि कड रोवून उभी राहिली. तो दुखरा घोटा, ते कवच, ती प्लेट, सगळं जणू एकाच हाडाचं. "माझ्या बोर्डाला टेकव तुझा बोर्ड. आता सरक. घाई कुठेय?"

इंच इंच सरकत दोघं पलीकडे आली.

मग आइता खोल बर्फात उतरली. तरुणपणचा वेग नव्हता. लांब, संथ वळणं घेत ती निघाली. प्रत्येक वळणावर बोर्ड बर्फाखाली दडायचा आणि अलगद वर यायचा. मध्येच ती मोठ्याने हसली. याखेन वरून बघत राहिला. आपण हिला कशापासून अडवत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

खाली गवताच्या कोठाराशी ती बुटाचे खटके उघडून सुकं मटण चघळत बसली होती. घोटा सुजून टम्म झाला होता.

"दुखतंय?" याखेनने खाली पोचताच विचारलं.

"दुखतंय की. आठवडाभर दुखेल." तिने मटणाचा तुकडा त्याच्यापुढे केला. "अरे, डावी प्लेट अजून थोडी आडवी हवी."

"आत्ता?"

"मग कधी? लिफ्ट अजून चालूय."

याखेनने पाठीवरच्या पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बर्फात तिच्यासमोर गुडघे टेकले.