तफर्रुकीला मराठीत काय म्हणतात

नरहर मास्तर स्वतः सायन्स शिकले उर्दूत आणि पंचवीस वर्षं शिकवलंही उर्दूतच. मराठी फक्त घरात, तीही भाजी-आमटीपुरती. आता पोलीस ॲक्शन होऊन, निजामाची उर्दू राजवट जाऊन वर्ष होत आलं होतं, सरकारी शाळेतली त्यांची जागा गेली होती, आणि आबिड्सजवळच्या एका मराठी शाळेनं त्यांना नमुन्याचा पाठ द्यायला बोलावलं होतं. विषय घर्षण, वेळ सकाळी दहाची. पाठ जमला तर नोकरी, नाही तर पन्नाशीतच घरी बसायचं. घरी बसलेला नवरा काय चीज असते, हे त्यांच्या बायकोला, इंदुताईंना, दोन महिन्यांत पुरतं कळलं होतं. डाळीचे डबे कुठल्या क्रमानं लावावेत हेही ते सांगू लागले होते.

मास्तरांनी एका वहीत मराठी शब्द उतरवून घेतले आणि आठवडाभर इंदुताईंना समोर बसवून पाठ म्हटला. पहिली दोन वाक्यं ठणठणीत जायची. तिसऱ्याला 'म्हणून'च्या जागी 'लिहाजा' यायचं, मागोमाग 'बला'च्या जागी 'कुव्वत', आणि मग गाडी थेट उर्दूच्या रुळावर. शेवटी ठरलं, इंदुताईंनी वही घेऊन सोबत जायचं आणि खिडकीतून शब्द सुचवायचा.

शेजारचे प्रतापराव वकील आपल्या जुन्या मोटारीतून दोघांना काचीगुड्याहून घेऊन निघाले. वाटेत नळासाठी रस्ता खणला होता. मागचं डावं चाक त्या चिखलात उतरलं आणि मोटार थांबली. प्रतापराव हट्टाला पेटले. त्यांनी पाय दाबला की डावं चाक गरगरायचं आणि चिखल उडवायचं. उजवं मात्र कोरड्या मुरुमावर ढिम्म उभं. पावणेदहा झाले होते. मास्तरांची शेरवानी गुडघ्यापर्यंत रंगली.

इंदुताई खाली उतरून बघत होत्या. जे चांगल्या जागी आहे ते चाक का ओढत नाही, असं त्यांनी विचारलं.

"तफर्रुकी," मास्तर म्हणाले आणि डिफरन्शियलचा मराठी शब्द शोधायला वही चाळू लागले. वहीत तो शब्द नव्हता.

"तफर्रुका म्हणजे भांडण ना? चाकांचं भांडण झालंय?"

इतक्या काळजीतही मास्तरांना हसू आलं. त्यांनी वही मिटली.

"अगं, भांडण नाही. दोन चाकांच्या मधे तो लोखंडी गोळा दिसतो? त्यात दात्यांची चाकं आहेत. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. गोळा दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतो. पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटून देतो. चिखलातल्या चाकाला पकड नाही, ते जोर घेतच नाही, नुसतं फिरतं. मग कोरड्यातल्यालाही तेवढाच मिळतो. म्हणजे नसल्यासारखाच."

इंदुताईंनी क्षणभर विचार केला. "फुगडीसारखंच की. समोरचीनं हात सैल सोडले, तर आपण जोर लावायचा कशावर?"

"अगदी तसंच," मास्तर म्हणाले. मग वळून त्यांनी प्रतापरावांना हातब्रेक जरासा ओढून धरायला आणि हल्लू हल्लू पेट्रोल द्यायला सांगितलं.

"मास्तर, गाडी काढायची का रोकायची?" प्रतापराव वैतागले.

मास्तर म्हणाले, सैल चाकाला थोडं अडवायचं, की दुसऱ्यालाही जोर मिळेल. ब्रेक दोन्हीकडे लागतो, म्हणून बेतानंच. प्रतापरावांनी कुरकुरत दांडा ओढला. डाव्या चाकाची गरगर मंदावली, उजव्यानं मुरूम धरला, आणि मोटार मुकाट्यानं वर आली.

दहाला दोन मिनिटं कमी असताना मास्तर वर्गात शिरले. चाळीस मुलं, आणि मागच्या बाकावर मुख्याध्यापक आबासाहेब. इंदुताई व्हरांड्यात खिडकीशी उभ्या राहिल्या. दोन वाक्यं झाली. तिसऱ्याला 'लिहाजा' आलं आणि मास्तर थांबले. मुलं चुळबुळू लागली. आबासाहेबांनी घड्याळ काढलं. इंदुताई पानं उलटत होत्या, पण घाईत हवं ते पान सापडेना.

"अगं, भांडण नाही," मास्तर एकदम म्हणाले.

वर्ग खो खो हसला. आबासाहेबही हसले. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आता ते थांबले नाहीत. सकाळची मोटार त्यांनी चिखलासकट वर्गात आणली. दोन मुलांना पुढे बोलावून फुगडी घालायला लावली, मग एकाला हात सैल सोडायला सांगितलं. दुसरा धपकन बसला. "गेली ती पकड. त्या पकडीलाच घर्षण म्हणायचं," मास्तर म्हणाले. मुलं एकापाठोपाठ प्रश्न विचारू लागली. बर्फावर काय होईल, टायर गुळगुळीत झाला तर काय होईल. वही कधी मिटली गेली ते इंदुताईंना कळलंही नाही.

पाठ संपल्यावर आबासाहेबांनी मास्तरांना सोमवारपासून यायला सांगितलं. मला तेवढं अगं म्हणू नका, एवढीच त्यांची अट होती.

मास्तर बाहेर आले ते घाम पुसतच. किती चुकलो, म्हणून विचारू लागले. इंदुताईंना एक जुना दिवस आठवला. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या मास्तरांचा विसरलेला डबा घेऊन उर्दू शाळेत गेल्या होत्या. आतून ह्यांचा आवाज येत होता, मुलं हसत होती. दाराबाहेर उभं राहून बराच वेळ ऐकलं, एक शब्द समजला नाही, आणि डबा चपराशाकडे देऊन त्या परत आल्या होत्या. पुन्हा कधी गेल्या नाहीत.

"तुम्ही किती छान शिकवता हो," त्या म्हणाल्या. "मला आज कळलं."