चॅम्पियनचा पंजा

चॅम्पियनला घरीही चॅम्पियनच म्हणत. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल उडवून सात वेळा कप जिंकणाऱ्या माणसाला साध्या नावाने हाक मारायची म्हणजे अपमानच की! फक्त थोरली बहीण, जी त्याची मेकॅनिकही होती, त्याला बाळ्या म्हणे. तेही आसपास पत्रकार नसतील तेव्हा.

डावं मनगट दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता पुरे. चॅम्पियनने हसून त्यांना स्वतःचा सही केलेला फोटो दिला. तेव्हापासून तो पाण्याची बाटली दातांनी उघडायचा आणि ही आपली स्टाइल आहे म्हणायचा. मुलाखतीत तोच डावा पंजा पुढे करून सांगायचा, "हा अजून लोखंडी आहे."

लोखंडाचं काय झालंय ते ताईला माहीत होतं. क्लच डाव्या हातानेच दाबावा लागतो, म्हणून तिने कुणाला न सांगता त्यात मऊ स्प्रिंगा घातल्या. पुढच्या वर्षी आणखी मऊ, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून मऊ. क्लच दाबायला हलका झाला, पण त्याच्या आतल्या प्लेटा घसरून जळू लागल्या. प्रत्येक रेसनंतर ती त्या गुपचूप बदलायची. अशा गाडीवर चॅम्पियनने दोन कप जिंकले आणि गाडी कशी आपल्या धाकात असते ते जगाला सांगत सुटला.

मग मागच्या रेसमध्ये चढावर क्लच घसरला. गाडी क्षणभर जागीच रडली आणि मागून उडी मारून आलेल्या गाडीचं चाक चॅम्पियनच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावरून गेलं. चॅम्पियनने त्या मागच्याला मनसोक्त शिव्या घातल्या. आपण भावाचा मान राखता राखता त्याचा जीव घेणार होतो, हे ताईला मात्र कळलं होतं.

हंगामातल्या शेवटच्या रेसला पहिल्या तिघांत आला की आठवा कप. त्या सकाळी ताईने मूळच्या कडक स्प्रिंगा बसवल्या.

चॅम्पियन ऐटीत गाडीवर बसला. दोन बोटांनी क्लच दाबला, मग चार बोटांनी, मग ओठ चावून. लिव्हर अर्ध्यावरच थांबला.

"ताई, केबल अडकलीये."

"केबल कालच बदलली."

"मग नीट बदलायची ना! काम कुणाकडून शिकलीस गं?"

तेवढ्यात गाड्या तपासणारे साहेब आले. सत्तरीला टेकलेले, अंगाने काडी. त्यांनी ब्रेक पाहिले, दोन बोटांनी क्लच पूर्ण दाबून सोडला, "छान," म्हणाले आणि पास झाल्याचं स्टिकर चिकटवून पुढच्या गाडीकडे गेले.

चॅम्पियन त्या स्टिकरकडे बघत राहिला.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"तीन."

"म्हणजे ते दोन कप..."

"कप तुझेच रे, बाळ्या." ताई म्हणाली. "मऊ स्प्रिंगा माझ्या खिशात आहेत. पण मी त्या परत घालणार नाही. तुला माझ्या हातांनी नाही मारायचं मला."

इतक्यात माइक घेऊन पत्रकार हजर. चॅम्पियन गाडीवरून उतरला, छाती पुढे काढली.

"केबल अडकली. मेकॅनिकची चूक. अशा लोकांबरोबर रेस खेळता येत नाही, म्हणून मी आजपासून निवृत्त."

पत्रकाराने माइक ताईकडे वळवला.

"हो," ती म्हणाली, "माझीच चूक."

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा आला: बहिणीच्या हलगर्जीपणामुळे थोर कारकिर्दीचा अंत. सात कपांच्या बातम्यांत जिचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता, ती एकदम मथळ्यात! ताईने कात्रण कापलं आणि गॅरेजच्या भिंतीवर कपांच्या फोटोंशेजारी लावलं.

चॅम्पियन आला तेव्हा ती ते सरळ करत होती. त्याने बातमी पूर्ण वाचली. मग कोपऱ्यातली पाण्याची बाटली उचलली, सवयीने दातांपाशी नेली, जरा थांबला.

आणि बाटली ताईपुढे धरून म्हणाला, "उघडून दे."