फोटो गेला, म्हणजे आत्मा सुटला?

सा देक गावच्या फुलबाजारामागे खांग गुरूंच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांची वेबसाइट उघडलेली. तिच्यावर कालव्यात बुडून गेलेल्या थुईचा फोटो. सात वर्षांची पोर. गुरूंनी उदबत्त्या ओवाळल्या, डोळे फिरवले, आरोळी ठोकली, "सूट पोरी, सूट!"

फोटो गायब! लोकांनी आपापल्या फोनवर पान पुन्हा उघडलं, तिथेही नाही. माथी जमिनीला टेकली.

"घरात दुसरी प्रत नाही ना ठेवलीस?" गुरूंनी थुईच्या आईला, न्यानला, दरडावलं. "फोटो राहिला की आत्मा अडकला!"

"नाही गुरुजी. सगळे जाळले. फोनमधलेही पुसले."

गर्दीत उभ्या मी हे ऐकलं आणि गुरूंना उघडं पाडायचं ठरवलं. मी इथल्या शाळेत संगणक शिकवते. पुढच्या पौर्णिमेला मी माझ्या बाव काकांचा फोटो त्या साइटवर चढवला. खाली लिहिलं, 'हृदयविकाराने निधन'.

"दिसला!" गुरू घुमू लागले. "म्हातारा पैलतीरावर उभा आहे, मला हात जोडतोय!" फोटो गेला.

मागून काका वाडगा घेऊन उठले. "कसला पैलतीर? मी इथे शेवया खातोय. आणि हात बरबटलेत, जोडू कसे?"

हशा पिकला. तेवढ्यात मी वेदीमागचा पडदा ओढला. आत गुरूंची बायको लॅपटॉप घेऊन बसलेली. समोर मेलेल्यांच्या फोटोंची रांग, प्रत्येकाशेजारी 'काढा' असं बटण.

"हाच तो मंत्र," मी म्हणाले. "पीएचपी नावाच्या भाषेतली एक ओळ. बटण दाबलं की ती सर्व्हरवरची फाइल पुसते. फाइलच नाही, तर फोटो दिसणार कुठून? माझी नववीची मुलं लिहितात हे."

न्यान पुढे आली. "म्हणजे बाई, परतही आणता येईल ना?"

"ती फाइल कचरापेटीत जात नाही, न्यान. थेट पुसली जाते. दुसरी प्रत असती तर..."

तरी मी सर्व्हरवाल्यांना विचारलं. त्यांच्याकडेही काही उरलं नव्हतं.

हे सांगायला गेले, तेव्हा न्यान ओट्यावर बसली होती. "तिच्या हनुवटीवर तीळ होता," ती म्हणाली. "डावीकडे की उजवीकडे, तेच आठवेना."

लोकहो, हात जोडण्याआधी पडद्यामागे डोकावा. आणि आपल्या माणसाची खूण पुसायला सांगणाऱ्याला दारात उभं करू नका.