चौघींचे केस

चौघी एकदमच दाराशी धडकल्या आणि वखारवाल्याच्या गालावरचा वस्तरा जागीच थांबला.

"बाबा, केस काप. सगळ्यांचे. आत्ताच्या आत्ता." भिंगरीला धाप लागली होती. "दुपारी फायनल आहे."

"कसली फायनल?" वखारवाल्यानं फेसातून विचारलं. लाकडाच्या वखारीचा हा मालक म्हणजे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक.

"रिलेची, काका. सेमीफायनलला असा वारा सुटला की हिचे केस हिच्याच तोंडावर. बॅटन पडता पडता वाचली. बाई म्हणाल्या, परत असं झालं तर मीच एकेकीचं टक्कल करीन. म्हणून आम्ही ठरवलं, चौघी सारख्या. मानेपर्यंत."

"घरी विचारलंत का पण?" सलूनवाल्यानं हसू दाबत विचारलं.

"विचारलं ना. यांची आई रडली, पण हो म्हणाली."

'यांची' म्हणजे शिंप्याच्या जुळ्यांची. त्या दोघी आधीच दुसऱ्या खुर्चीत दाटीवाटीनं बसून गिरक्या घेत होत्या. भिंगरी ही सलूनवाल्याची मुलगी. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत निघायचं. एरवी पायाला चाकं लावल्यासारखी फिरणाऱ्या त्या पोरीला सगळे भिंगरीच म्हणत. चौथी मात्र आत आलीच नव्हती. ती पायरीवर उभी होती. उंच, शेलाटी, कमरेपर्यंत जाड शेपटा. तिला मैत्रिणी तीर म्हणायच्या. ती पुलापलीकडच्या वस्तीतली होती.

दाराजवळच्या बाकावर सलूनवाल्याचे वडील, अण्णा, बसले होते. दुकान त्यांच्या वडिलांनी मांडलेलं. अण्णांचे हात कापायला लागले तेव्हा त्यांनी कात्री मुलाच्या हाती दिली आणि बरोबर एक शिकवणही दिली. पुलापलीकडचं कोणी आलं तर नाही म्हणायचं नाही, उगाच तोंडाला तोंड लागतं. पाणी संपलंय म्हणायचं. माणूस काय ते समजतो आणि निघून जातो. सलूनवाला इतकी वर्षं तेच म्हणत आला होता. अगदी अजिजीनं म्हणायचा, वर "माफ करा हं" असंही जोडायचा. त्यामुळे आपण कोणाचा अपमान करतोय असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

भिंगरीनं नंबर लावायला घेतले. "आधी या जुळ्या, मग मी. तू शेवटी ये, तीर." मग ती थबकली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे देवा, पण तुझ्या वेळेला पाणी संपेल."

"का संपेल?" जुळ्यांपैकी एकीनं विचारलं.

"पुलापलीकडचं कोणी आलं की आमच्याकडचं पाणी संपतं. दर वेळी." संध्याकाळी अंधार पडतो हे जसं सांगावं, तसं तिनं सांगितलं. आवाजात ना तोरा, ना कुजकेपणा. बापासारखीच मान किंचित वाकवून तिनं पुढं जोडलंही, "माफ कर हं."

तीर पायरीवरूनच म्हणाली, "माहितीये मला. माझ्या बाबांच्या वेळी पण संपलं होतं. काका, तुम्ही कोरडेच कापा. मला चालेल."

वखारवाला पोट हलवत हसला. "वा. पोरगी तयार केलीस हो तू. सांगावं लागलं नाही."

"रक्तातच असतं ते," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

सलूनवाल्यानं मुलीच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं. आजवर आपण मुलीला काहीच शिकवलं नाही, अशी त्याला खंत होती. अभ्यास तिची आई घ्यायची, धावायला शाळेनं शिकवलं. आणि इथं तर तिला सगळं तोंडपाठ होतं, अगदी मान वाकवण्यासकट.

"शेठ, जरा थांबा," असं म्हणून त्यानं वस्तरा खाली ठेवला. फवाऱ्याची बाटली उचलली, नळाखाली धरली. पाणी खळखळून वाहिलं.

"संपलंय ना रे ते?" अण्णांनी बाकावरून सावकाश विचारलं.

"नाही, अण्णा. भरपूर आहे."

"सकाळी तर संपलं म्हणून सांगितलंस..."

"सकाळीही होतं." तो मुलीकडे वळला. "भिंगरे, इकडं बघ. पाणी कधीच संपलेलं नव्हतं. मी खोटं सांगत होतो."

"का?"

बाटली भरून सांडायला लागली, तेव्हा त्यानं नळ बंद केला. "मला शिकवलं होतं म्हणून. आणि ते सोपं होतं म्हणून."

"म्हणजे मी पण आत्ता खोटंच बोलले?"

"हो. पण तुला ठाऊक नव्हतं. मला होतं."

भिंगरीनं क्षणभर विचार केला. मग तिचा चेहरा असा उजळला की जणू घराच्या परसात विहीरच सापडली. ती पायरीकडे धावली. "ऐकलंस ना? आहे पाणी. चल, तूच आधी बस, तुझेच केस जास्त आहेत."

जुळ्या खुर्चीतून टुणकन उतरल्या. तीर आत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"त्याच कात्रीनं कापणार?" वखारवाल्यानं विचारलं.

"त्याच."

"मग माझं राहू दे." तो उठला, तोंडावरचा फेस पुसला आणि एक गाल गुळगुळीत, दुसरा दाढीचा, असा रस्त्यावर चालता झाला. जुळ्यांनी तोंडावर हात दाबले, तरी हसू बोटांतून फुटलंच.

अण्णांनी काठी घेतली. दाराशी ठेवलेल्या चपला पायांनी चाचपत घातल्या आणि ते गेले. मुलगा त्यांना थांबवायला दोन पावलं पुढं झाला. मग परत फिरला, कारण खुर्चीत पोर बसली होती आणि वेळ थोडा होता.

"आई विचारेल कुठं कापले," तीर हळूच म्हणाली.

"सांग, दुकानात कापले. मागं टेक नीट, अशी कडेला बसलीस तर वाकडे होतील."

मग कात्री अशी चालली की विचारू नका. चौघी एकीमागून एक बसल्या, उठल्या आणि आरशात मान वळवून वळवून बघून, मानेवरचे बारीक केस झटकत पळत सुटल्या. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. सलूनवाल्यानं त्यांच्यादेखत शटर ओढलं आणि तोही मैदानाकडे निघाला.

मैदानावर नुसता कल्ला होता. दोरीपाशी घुसून त्यानं जागा मिळवली. लांबून चौघींच्या माना सारख्याच दिसत होत्या. आपली कुठली ते त्यालाही पटकन कळेना. शिट्टी झाली. जुळ्यांनी आघाडी घेतली. भिंगरीच्या हातात बॅटन आली आणि वळणावर तिचा पाय घसरला. ती पडली नाही, पण सावरेपर्यंत तीन जणी पुढं निघून गेल्या. पुढं तीर हात मागं करून उभी होती, बोटं ताठ पसरून. भिंगरीनं अंग झोकून बॅटन त्या हातात कोंबली.

आणि तीर सुटली.

"धाव, तीर, धाव," तो ओरडत होता. शेजारी सिमेंटनं माखलेल्या कपड्यांतला एक माणूसही तेच ओरडत होता. एक गाठली, दुसरी गाठली. शेजारच्यानं भान विसरून सलूनवाल्याचा दंड घट्ट पकडला. तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ओळखलं. हा तर तीरचा बाप होता. त्या माणसानं चटकन हात काढून घेतला. सलूनवाल्यानं तो धरून परत आपल्या दंडावर ठेवला, आणि दोघं पुन्हा समोर बघत ओरडायला लागले. फीत दुसऱ्या एका शाळेच्या मुलीनं तोडली, तीर तिच्या खांद्याला खांदा लावून दुसरी. चौघी एकमेकींवर पडून अशा नाचल्या की पहिल्या आलेल्या मुली थबकून बघत राहिल्या.

वखारवाला पुढं बाजारातल्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागला. त्याच्यामागं आणखी काही गेले, काही नवे आले. अण्णांचा बाक मात्र रिकामाच राहिला. रोज सकाळी मुलाच्या हातून दाढी करून घ्यायची त्यांची सवय होती. त्या दिवसापासून त्यांनी त्याला गालाला हात लावू दिला नाही.

ते मागच्या ओसरीवर बसून आपली आपणच दाढी करू लागले. आरसा धरायला भिंगरी.

"मी चौथी होते ना, अण्णा, तेव्हा तिला बॅटन दिली. आणि ती दुसरी आली. चौथ्यावरनं दुसरी," ती पुन्हा रंगात येऊन सांगत होती. तिच्या बोलण्याबरोबर आरसा हलत होता.

"दुसरी म्हणजे हरलीच की," अण्णा म्हणाले.

"मी घसरले म्हणून हरलो. ती नाही घसरली."

अण्णांचा वस्तरा गालावर थरथरला. हनुवटीजवळ रक्ताचा बारीक थेंब आला. सलूनवाला दारात उभा होता, तो नकळत पुढं सरकला. अण्णांनी त्याच्याकडे न बघताच तळहात वर करून त्याला थांबवलं.

"आरसा नीट धर," ते नातीला म्हणाले. आणि थेंब अंगठ्यानं पुसून, "हं. मग त्या दोघींना तिनं गाठलं कसं?"

भिंगरीनं दोन्ही हातांनी आरसा घट्ट धरला आणि वळणापासून सांगायला घेतलं.